पुण्यातून एक्स्चेंज प्रोग्रॅमसाठी जे-१ व्हिसाचा अर्ज कसा करावा

पुण्यातील महाविद्यालयात शिकत असताना एखादे सत्र अमेरिकेतील विद्यापीठात घालवण्याची संधी मिळाली आणि तो काळ दोन संस्थांमधील करारानुसार एक्स्चेंज म्हणून धरला जाणार असेल, तर बहुधा एफ-१ हा नेहमीचा विद्यार्थी व्हिसा नव्हे, तर जे-१ हा एक्स्चेंजसाठीचा व्हिसा लागतो. नेमका कोणता, हे यजमान संस्थेने पाठवलेल्या कागदावरून कळते. आय-२० आला तर एफ-१ आणि डीएस-२०१९ आला तर जे-१. डीएस-२०१९ हातात येण्यापूर्वी व्हिसाच्या अर्जाची घाई करून काही साधत नाही, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्यातील सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) क्रमांक आणि कार्यक्रमाचा क्रमांक विचारला जातो.

हे प्रमाणपत्र अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्थाच देऊ शकते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती बहुतेकदा यजमान विद्यापीठच असते. आपले महाविद्यालय केवळ नामांकन पाठवते. करारानुसार शिक्षणशुल्क माफ असले तरी राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तरतूद दाखवावीच लागते. त्यासाठी पालकांच्या बँक खात्याचे विवरणपत्र, मुदत ठेवींच्या पावत्या आणि शिष्यवृत्ती असल्यास तिचे पत्र पुरेसे होते. आता अनेक संस्था डीएस-२०१९ ई-मेलने पाठवतात. ते छापून त्यावर आपल्या जागी स्वाक्षरी करावी.

सर्वाधिक अडचणी मात्र नावाच्या असतात. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव यांचे दोन वेगळे रकाने असतात. कोणाच्या दिलेल्या नावात वडिलांचे नाव असते, कोणाच्या नसते. येथे पासपोर्ट प्रमाण मानावा आणि त्यावर जसे छापले आहे तसेच नाव यजमान विद्यापीठाला कळवावे, डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात भरावे आणि मुलाखतीची वेळ घेतानाही तसेच द्यावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून सगळे नाव दुसऱ्या रकान्यात असेल, तर डीएस-१६० मध्ये ते आडनावाच्या जागी जाते आणि दिलेल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) ही अक्षरे येतात. पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल, तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील ते काम डीएस-२०१९ मागण्याआधी उरकावे, कारण पोलीस पडताळणीला किती वेळ लागेल हे आपल्या हाती नसते. कार्यक्रम संपल्यानंतरही पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेली बरी.

यानंतर आय-९०१ अर्ज भरून सेव्हिस शुल्क भरावे. विद्यार्थ्यांसाठी ते २२० डॉलर आहे. हे शुल्क व्हिसाच्या १८५ डॉलर शुल्काहून निराळे आहे, तेव्हा दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. डीएस-१६० हा अर्ज भरताना मध्येच थांबल्यास पान बंद पडते, म्हणून सुरुवातीलाच अर्जाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि वरचेवर मजकूर साठवावा. छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चष्म्याशिवाय आणि गेल्या सहा महिन्यांतील हवे. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावेही द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आहे. बंद पडलेले जुने खाते वगळण्याचा मोह टाळावा. हा अर्ज स्वतः भरण्याजोगा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील सल्लागाराला पैसे देऊन भरून घेतला तरी त्यातील प्रत्येक उत्तराची जबाबदारी अर्जदाराचीच राहते.

पुण्यात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नाही, म्हणून बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन्हींसाठी साधारणपणे मुंबईलाच जावे लागते. ठसे आधी व्हिसा अर्ज केंद्रात घेतले जातात आणि मुलाखत त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील दूतावासात होते. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी ही धावपळ नेमकी पावसाळ्यात येते आणि बोरघाटात दरड कोसळली की वेळापत्रकाला काही अर्थ राहत नाही. सकाळची वेळ मिळाली असेल, तर सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन उपयोगाची नाही. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करणेच शहाणपणाचे. मोबाईल दूतावासात नेता येत नाही, तो नातेवाइकांकडे किंवा मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावा.

मुलाखत बहुधा काही मिनिटांचीच असते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार तेथेच स्थायिक होऊ इच्छितो असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. घर, शेती आणि सोने यांची कागदपत्रे गोळा करण्यात लोक फार शक्ती खर्च करतात. माझ्या मते विद्यार्थ्यासाठी त्याहून वजनदार कागद म्हणजे परतल्यावर पदवीचे कोणते सत्र उरले आहे आणि तेथे मिळवलेली श्रेयांके येथे कशी धरली जातील, हे स्पष्ट सांगणारे आपल्या महाविद्यालयाचे पत्र. नुसते बोनाफाईड पुरत नाही. कोणते विषय घेणार, तेच विद्यापीठ का आणि खर्च कोण करणार, याची उत्तरे पाठ केल्यासारखी न वाटता दोन-दोन वाक्यांत देता आली पाहिजेत. कलम २२१(ग) ची चिठ्ठी मिळाली तर तो कायमचा नकार नव्हे. त्यात मागितलेले कागद पाठवावेत किंवा पडताळणी पूर्ण होण्याची वाट पाहावी.

कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आपल्याला लागू आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे. मायदेशाला गरजेच्या मानलेल्या कौशल्यांची यादी अमेरिका ठेवते, तिच्यामुळे पूर्वी अनेक भारतीयांना ती लागू होत असे. ९ डिसेंबर २०२४ पासून भारत त्या यादीत नाही. मात्र कार्यक्रमाला अमेरिकेच्या किंवा भारताच्या सरकारचा पैसा मिळत असेल, तर ही अट लागू होऊ शकते.

पासपोर्ट परत आल्यावर व्हिसावरील नाव, जन्मतारीख आणि कार्यक्रमाचा क्रमांक डीएस-२०१९ शी लगेच ताडून पाहावा. आरोग्य विमा प्रत्येक आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा असणे बंधनकारक आहे. भारतात स्वस्तात काढलेला प्रवास विमा यजमान विद्यापीठाला चालेल का, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, त्यामुळे विमानाचे तिकीट त्या बेताने काढावे. मूळ डीएस-२०१९ हातातील पिशवीतच ठेवावे, कारण सामान ताब्यात मिळण्याआधीच प्रवेश तपासणीच्या खिडकीवर ते मागितले जाते. पोहोचल्यानंतर यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात लगेच हजेरी लावून राहण्याचा पत्ता कळवावा, म्हणजे सेव्हिसमध्ये आपली नोंद वेळेत होते.