रेडिओवर मैफल लावायची म्हणजे नक्की काय काम असतं

आवाज चांगला आहे, घरी थोडंफार गाणं आहे, तर रेडिओवर शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम करायला मिळतील का असं विचारणारी मुलं मला रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे बोलावतील त्या दिवशी जाऊन कार्यक्रम सादर करणारी, म्हणून काम केलंय, नंतर एका छोट्या कम्युनिटी रेडिओसाठीही. आधीच सांगते, आवाज लागतो पण त्याचा नंबर बराच खाली आहे, वर आहेत कान, घड्याळ आणि समोरच्या माणसाला बोलतं करायची हातोटी.

आत शिरायचे रस्ते दोन. आकाशवाणी केंद्रं अधूनमधून नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात काढतात, लेखी परीक्षा असते आणि मग आवाजाची चाचणी. पगार नसतो, ड्यूटीमागे मानधन असतं आणि महिन्याला साधारण ६ च्या वर ड्यूट्या मिळत नाहीत, त्यामुळं घर चालवायला दुसरं काहीतरी हवंच, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. दुसरा रस्ता कम्युनिटी रेडिओ, म्हणजे संस्थांनी आपल्या भागापुरता चालवलेला छोटा रेडिओ, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही याची परवानगी मिळाली. ट्रान्समीटर १०० वॅटच्या आसपासचा, सपाट मुलखात १०-१५ किलोमीटर जाईल, पण आपल्याकडे मध्ये डोंगर आला की एफएम तिथंच थांबतं, पलीकडच्या वाडीत खरखर. एफएमला सरळ रेषा लागते ना. मीडियम वेव्ह ही रेडिओची दुसरी, जास्त लांबीची लहर, तिचं उलट, ती खाऱ्या पाण्यावरून मस्त धावते, त्यामुळं समुद्रात गेलेल्या होडीवर रेडिओ चालतो आणि घाटातल्या घरात चालत नाही असं होतं. आपले श्रोते कोण, हे ठरवताना ही गोष्ट डोक्यात ठेवा, नुसतं गावाचं नाव बघून ठरवू नका.

आता कलाकारांकडून. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन देऊन ग्रेड घ्यावी लागते, बी, बी हाय, ए आणि टॉप. तुम्ही उद्घोषक असाल तरी हे माहीत हवं, कारण समोर बसलेल्या माणसाने त्या ग्रेडसाठी किती वर्षं घासलीयत ते कळलं की तुम्ही त्याला "तुमचा छंद" वगैरे म्हणणार नाही. (हे मी कानांनी ऐकलंय, लाइव्ह.)

लाइव्हच्या दिवशी पहिलं काम पट्टी विचारणं, म्हणजे गायक पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरतो ते, काळी एक, काळी चार, पांढरी पाच, जे असेल ते. कारण तबला त्या स्वराचा लागतो आणि आपल्या हवेत तबला म्हणजे लहान मूल. दमट हवेत चामडं सैल होतं, स्वर उतरतो. एसी स्टुडिओत आणला की सुकून ताणतो, स्वर चढतो. म्हणून तबलजींना तासभर आधी बोलवा, तबला खोलीत नुसता ठेवू दे, मग हातोडी घेऊन त्याच्या वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकायला बसतील. पंखा बंद, हे सगळ्यांना आवडत नाही पण इलाज नाही. बाहेर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग असेल तर वर पत्रा आहे की कौलं ते आधी जाऊन बघा, जूनच्या पावसात पत्र्याखाली विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ही कल्पनाच करू नका. तसं पण आपल्याकडे मैफलींचा खरा मोसम दिवाळीनंतरच, जत्रा सुरू झाल्या की.

माइक गायकाच्या तोंडापासून दीड वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे श्वास थेट आदळत नाही. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, हवेचा फसफस आवाज येतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात आणि दमटपणा त्याला अजिबात सोसत नाही, कडकड करायला लागतो, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. लेव्हल घेताना "हॅलो हॅलो, वन टू" म्हणून काही कळत नाही हो! गायकाला सांगा तार सप्तकात, अगदी वरच्या स्वरांत, जा आणि एक जोरकस तान घ्या, तिथं काटा लालमध्ये जायला नको एवढी जागा ठेवा. खर्जातला, म्हणजे खालच्या स्वरांतला, आलाप मग बारीक येईल, येऊ दे, सारखं बटण फिरवत बसलात तर तंबोरा मागेपुढे हलल्यासारखा ऐकू येतो आणि ते फार वाईट.

वेळेचं गणित मात्र बसून करा. अर्धा तासाचा स्लॉट म्हणजे तुमची अनाउन्समेंट धरून अर्धा तास. कलाकाराला आधीच विचारायचं की विलंबित एकतालात किती वेळ आणि द्रुत, म्हणजे जलद, किती, शेवटाला भजन आहे की नाही. मध्ये कार्ड दाखवायचं, पाच मिनिटं, दोन मिनिटं, पण कार्ड गायकाला नाही, तबलजींना दाखवा, गायकाचे डोळे मिटलेले असतात आणि तबलजी बरोब्बर खुणावतात. तिहाई (तीनदा घेतलेला शेवटचा तुकडा) संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर एक श्वास जाऊ दे, मग बोला. समेवर झडप घालणारे उद्घोषक मला सहन होत नाहीत.

आणि साथीदारांची नावं! पेटी, तबला, तंबोरा, सगळ्यांची, सुरुवातीला आणि शेवटी. नाव लिहून घ्या आणि त्यांच्याकडूनच एकदा उच्चारून घ्या. विशेषणं कमी करा. "स्वरांची बरसात" म्हटल्याने श्रोत्याला काही मिळत नाही, "राग पूरिया धनाश्री, संध्याकाळचा, विलंबित एकताल" यातून मिळतं. माहिती सांगायची तर गाण्याला जोडून येणारी सांगा. केसरबाई केरकर गोव्याच्या केरी गावच्या, त्यांची भैरवीतली "जात कहां हो" १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानावरच्या सुवर्ण तबकडीवर गेली, हे भैरवी लावताना सांगितलंत तर माणूस कान टवकारेल. यमनसारखा दुसराच राग लावताना सांगितलंत तर ती नुसती तुमची हुशारी झाली.

पेटीचंच घ्या. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती थेट १९७१ पर्यंत चालली. पेटीचे स्वर ठरलेले, त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, नेमक्या लागत नाहीत, असं म्हणणं होतं. आता तुम्हीच बघा, ज्या कोकणात पेटी-पखवाजाशिवाय भजन उभं राहत नाही, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, माणसं पहाटेपर्यंत बसतात, तिथल्या पेटीवाल्यांना रेडिओवर तेव्हा जागा नव्हती. मला वैयक्तिक विचाराल तर बंदीमागच्या मुद्द्यात थोडं तथ्य होतं, पण तीस वर्षं हे जरा जास्तच. जुन्या वादकांशी गप्पा मारताना हा विषय काढून बघा, मुलाखत आपोआप चालू होते.

मुलाखत हा या कामातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात बिघडवला जाणारा भाग. "गुरूंबद्दल काय सांगाल" असं विचारलं की माणूस हात जोडतो आणि कुठंतरी ऐकलेली चार वाक्यं बोलतो, त्याचा काही दोष नाही, प्रश्नच तसा आहे. त्यापेक्षा वस्तू विचारा, जागा विचारा. पहिली पेटी कुठून आली, ती घरात कुठे ठेवायचे, शिकायला जायचात तर खाडी कशी ओलांडायचात, गुरूंच्या घरी पहिलं काम कोणतं सांगितलं. सिंधुदुर्गातल्या एका म्हाताऱ्या भजनी बुवांनी असंच विचारल्यावर सांगितलं, "माझो बापूस पेटी डोक्यार घेवन तरीतसून पलीकडे जाय, पाणी लागात म्हणान पेटयेक घोंगडी आणि आपण भिजत." (तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी.) हे वाक्य प्रमाण मराठीत करून घ्यायचा मोह होतो, करू नका, आणि त्यावर "वा, किती त्याग" असं पण बोलू नका. गप्प बसा, ते पुढे बोलतात. बुवांनी पुढे त्या पेटीचा कोणता सूर भिजून बसला होता तो पण गाऊन दाखवला.

चांगल्या गोष्टी बहुतेक वेळा माइक लावताना आणि तबला मिळवताना निघतात, मुलाखतीच्या खुर्चीत नाही. म्हणून आल्या आल्या परवानगी घेऊन रेकॉर्डर चालू ठेवा. परवानगी खरंच घ्या, आणि लेखी. कायद्याने कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं राहतो, तोंडी "हो हो लावा" म्हटलेलं नंतर कुणाला आठवत नाही. पारंपरिक बंदिशीला अडचण नाही, पण नाट्यपद किंवा अलीकडची रचना असेल तर तिच्या लायसन्सचं स्टेशनला आधी विचारा.

सुरुवातीला डेमो करायचा असेल तर स्वतःचा आवाज घोळवणारी दहा मिनिटं कुणाला पाठवू नका. जवळच्या देवळात गुरुवारचं भजन असतंच, तिथल्या पखवाजवाल्याला गाठा, त्याच्याशी दोन मिनिटं बोला, एक मिनिट त्याचा पखवाज, आणि दोन ओळींची तुमची अनाउन्समेंट. फोनवर केलेलं चालतं, फोन फक्त खिशात न ठेवता पखवाजाच्या समोर, हातभर अंतरावर, एखाद्या जाड टॉवेलवर ठेवा, नाहीतर जमिनीची धडधडच जास्त येईल.