या चुका टाळा: ग्रॅनाइट कसा थंड होत गेला हे शोधताना

गोंदिया-गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइटची वयं चुकू शकतात ती नमुना घेतानाच. बांधावरचा धोंडा उचलू नका. तो कुठून येऊन पडला कोणास ठाऊक. नमुना मूळ जागी असलेल्या खडकाचाच हवा, आणि मुरूम झालेला तर नकोच. काळ्या अभ्रकाचं, म्हणजे बायोटाइटचं, हिरवट क्लोराइट झालं की त्यातलं पोटॅशियम निघून जातं आणि पोटॅशियम-अर्गॉन वयावर, म्हणजे पोटॅशियमपासून खनिजात किती अर्गॉन वायू साठला यावरून काढलेल्या वयावर, भरवसा ठेवता येत नाही. खदानीतला ताजा दगड मिळाला तर उत्तम.

आपल्या भागात आगीकडेही लक्ष द्यायला हवं. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, उन्हाळ्यात वणवेही लागतात. अशा आगीत उघड्या खडकाचे वरचे काही सेंटिमीटर इतके तापू शकतात की अपाटाइट या खनिजात युरेनियमच्या क्षयातून साठलेला हेलियम निसटतो, युरेनियमचे अणू फुटून स्फटिकात उमटलेले माग आखडतात, आणि वय खोटंच कमी येतं. म्हणून वरचं कवच काढून आतला दगड घ्या. शेंदूर लावलेल्या दगडाला मात्र हातोडा लावू नका; गावात विचारूनच काम सुरू करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बायोटाइटचं वय ग्रॅनाइटचं जन्मवय समजणं. खडक निवताना प्रत्येक खनिजाचं घड्याळ वेगळ्या तापमानाला सुरू होतं, म्हणजे क्षयातून बनलेलं मूलद्रव्य तिथपासून आत टिकू लागतं. झिरकॉन हे खनिज ९०० अंश सेल्सिअसलाही युरेनियमपासून बनलेलं शिसं धरून ठेवतं. हॉर्नब्लेंड हे गडद खनिज साधारण ५०० अंशांना, बायोटाइट ३०० अंशांना अर्गॉन धरू लागतो. अपाटाइटमध्ये हेलियम टिकतो तो ७० अंशांच्या आसपास. समजा, एकाच नमुन्यात हॉर्नब्लेंडचं वय बायोटाइटपेक्षा २ कोटी वर्षांनी जास्त आलं. म्हणजे खडक त्या काळात दर १० लाख वर्षांना सरासरी १० अंश निवला. पण हे तापमानाचे आकडेही पक्के नव्हेत. कण मोठा असेल किंवा निवणं वेगाने झालं असेल तर घड्याळ जास्त तापमानालाच सुरू होतं, हे संशोधक डॉडसन यांनी १९७३ मध्ये गणिताने मांडलं.

बायोटाइट हॉर्नब्लेंडपेक्षा जुना निघाला तर बाहेरून शिरलेल्या जादा अर्गॉनचा संशय घ्या आणि रुबिडियमपासून बनणारं स्ट्रॉन्शियम मोजणाऱ्या रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने पडताळा. झिरकॉनची वयं विखुरली तर कणांच्या गाभ्यात आधीच्या खडकाचे जुने तुकडे आहेत का, ते आधी प्रतिमा काढून बघा. आणि दोन वयांमध्ये सरळ रेघ ओढण्याआधी मधल्या काळात खडक पुन्हा तापला नव्हता ना, हे तपासा. जवळ डाइक (भेगेत घुसून थिजलेला शिलारस) किंवा शिअर झोन (खडक घासून सरकलेला पट्टा) असेल तर अर्गॉन-अर्गॉन पद्धतीने (पोटॅशियम-अर्गॉनचाच सुधारित प्रकार) नमुना टप्प्याटप्प्याने तापवून घ्या; सुरुवातीच्या टप्प्यांत वय कमी आणि पुढे चढत गेलं, तर नंतरच्या तापण्यात काही अर्गॉन निसटला असण्याची शक्यता मोठी.