आधारची झेरॉक्स देण्याआधी एवढं करून ठेवा

लॉजवर रूम घ्या, भाड्याचं घर बघा, पोराची अ‍ॅडमिशन असू दे, पहिला प्रश्न ठरलेला, आधारची झेरॉक्स आहे का? आपण पण फाईलमधून एक काढून देतो आणि पुढे ती कुणाच्या ड्रॉवरला पडून राहते ते कोणी बघत नाही. २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म भरताना तर आधार, पासबुक, फोटो सगळं एका गठ्ठ्यात दिलं गेलं. देणाऱ्या बायकांचा यात काहीच दोष नाही, मागितलं की द्यावंच लागतं. म्हणूनच कागद बाहेर गेला तरी नुकसान होणार नाही अशी सोय आधीच करून ठेवायची, ती कशी ते लिहितेय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण करून द्या.

सगळ्यात आधी अंगठा लॉक करा, म्हणजे बायोमेट्रिक लॉक. गावात बँक मित्राकडे छोटं मशीन असतं बघा, त्यावर बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा दिला की पैसे निघतात, याला एईपीएस म्हणतात. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. एटीएम लांब असलेल्या गावात ही फार मोठी सोय आहे, पण चोराला पण तेवढंच पुरतं. आता ठसा कुठून मिळणार असं वाटेल, तर तेलंगणात २०१८ ला एक प्रकरण पकडलं होतं, जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे सरकारी वेबसाईटवरून डाऊनलोड करून त्याचे रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. म्हणजे अंगठा हा काही गुपित राहिलेला नाही, आणि पासवर्डसारखा तो बदलता पण येत नाही.

लॉक करायला मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या अ‍ॅपवर जा, ओटीपीने लॉगिन करा, लॉक-अनलॉक बायोमेट्रिक्स असं दिसेल ते चालू करा, झालं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असला पाहिजे, नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, रेशन दुकानात अंगठा लावताना, पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना, भाडेकरार रजिस्टर करताना लॉक काढावं लागतं. थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं, पण आजी एकटीच रेशनला जाणार असेल तर तिला आधी अनलॉक करून द्या, नाहीतर बिचारी रांगेतून रिकाम्या हाताने परत येईल. एईपीएस कधीच वापरत नसाल तर ते बंद करता येईल का हे ब्रँचमध्ये पण विचारा.

दुसरं, मास्क्ड आधार. त्याच पोर्टलवर आधार डाऊनलोड करताना मास्क्डवर टिक केली की फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. लॉज, सोसायटीचं गेट, प्रवास, इथे हेच द्या. सरकारी योजनेला पूर्ण नंबर लागू शकतो, तिथे झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख आणि सही, अक्षरं फोटोवर थोडी येऊ द्यायची म्हणजे तीच झेरॉक्स दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

आणि झेरॉक्सचं दुकान! इथे कोणाचंच लक्ष नसतं. आपण पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तो कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट देतो, दहा रुपये घेतो आणि फाईल त्याच्या डाऊनलोड्समध्ये तशीच पडून राहते, तिथे आधीच शेकडो लोकांचे आधार, पॅन, पासबुक असतात. डिलीट फॉर एव्हरीवन केलं तरी तिथे उतरलेली फाईल जात नाही. पासवर्ड आहे ना म्हणाल, तर तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, त्याला पासवर्ड म्हणायचं कशाला, आणि प्रिंटसाठी तो आपणच सांगतो. त्यामुळे दुकानात मास्क्डच पाठवा, आणि प्रिंट झाली की समोर उभं राहून डाऊनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधून फाईल उडवायला सांगा. नीट सांगितलं तर दुकानदार करतात, लाजायचं काय त्यात.

मधूनमधून मायआधारवर ऑथेंटिकेशन हिस्टरी बघत जा, मागच्या सहा महिन्यात तुमचं आधार कधी आणि कशाने तपासलं गेलं, ओटीपी की अंगठा, ते दिसतं. आपण कुठे गेलोच नाही आणि अंगठ्याची नोंद दिसली तर लगेच १९४७ या आधारच्या हेल्पलाईनला फोन करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं, ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथूनच माझा नाही म्हणून कळवता येतं.

एवढं करूनही पैसे गेलेच तर रडत बसू नका, आधी बँकेला फोन करून खातं थांबवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. आरबीआयच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे की चूक बँकेची पण नाही आणि आपली पण नाही, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसात कळवलं तर भुर्दंड ग्राहकावर येत नाही. तोंडी सांगून घरी येऊ नका, ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, १९३० चा तक्रार नंबर त्यात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या.