द्राक्षबागेच्या मातीत साचलेले तांबे तपासण्यासाठी नमुना कसा घ्यावा
तासगाव परिसरातील जुन्या द्राक्षबागांत मोरचूद (कॉपर सल्फेट) व चुन्याचे बोर्डो मिश्रण बुरशीनाशक म्हणून वर्षानुवर्षे फवारले गेले आहे. त्यातील तांब्याचे विघटन होत नाही. ते सेंद्रिय पदार्थांना आणि चिकणमातीच्या कणांना धरून मुख्यतः वरच्या थरात राहते. म्हणून ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर या थरांचे नमुने वेगळे ठेवावेत.

पितळी, गंजलेली किंवा जस्ताचा मुलामा असलेली अवजारे टाळावीत. बागेत नागमोडी फिरत बोदावरील (वेलींच्या ओळीतील मातीच्या उंचवट्यावरील) १५ ते २० ठिकाणची माती थरानुसार वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोपर्यंत आणावी व सावलीत वाळवावी.

सर्वांत महत्त्वाचे आणि बहुधा राहून जाणारे काम म्हणजे कधीच फवारणी न झालेल्या, तशाच मातीच्या शेजारच्या जमिनीचा नमुना घेणे. कारण बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत मुळातच तांबे बरेच असते आणि तुलनेविना आकडा फसवा ठरतो.

प्रयोगशाळेकडे एकूण तांबे आणि डीटीपीए (धातू बांधून घेणारे रसायन) पद्धतीने मोजलेले उपलब्ध तांबे, दोन्ही मागावे: पहिल्यावरून साठा कळतो, दुसऱ्यावरून मुळांना मिळू शकणाऱ्या भागाचा अंदाज येतो.