उघड्यावर आलेल्या राजाची शिकार: शह कधी द्यायचा, कधी आवरायचा

बुद्धिबळात समोरच्याचा राजा प्याद्यांच्या आडोशातून बाहेर आला की हात शिवशिवतात आणि शहावर शह सुरू होतात. "शह देत राहा, मात होईलच कधीतरी" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि जिंकत आलेले कितीतरी डाव त्यापायीच हातचे जातात. शहाने राजा फक्त हलतो. त्याला अडकवायचं तर पळायची घरं बंद करावी लागतात.

शिकारीला निघण्याआधी दोन्ही बाजूंची मोहरी मोजा. राजाच्या आसपास पोचू शकणारी तुमची किमान तीन मोहरी हवीत आणि बचावाला येऊ शकणारी त्याची त्याहून कमी. वजिरांची अदलाबदल टाळा. हत्तीसाठी एखादी पट्टी (घरांची उभी रांग) मोकळी असेल तर उत्तमच.

आता पट मांडा. घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा. एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यातला लंडनचा १९१२ चा डाव याच कामाचा आहे.

पांढरा (लास्कर): राजा ई१, वजीर एच५, हत्ती ए१ आणि एच१, उंट डी३, घोडे ई४ आणि ई५, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२, एच२.
काळा (थॉमस): राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट बी७ आणि एफ६, घोडा बी८, प्यादी ए७, बी६, सी७, डी७, ई६, जी७, एच७.

पहिली पायरी, राजाला बाहेर ओढणं. ११ व्या चालीत पांढरा वजिराने एच७ चं प्यादं मारून शह देतो. राजाला तो वजीर घ्यावाच लागतो. मग ई४ चा घोडा एफ६ चा उंट मारतो. घोडा हलल्याने डी३ च्या उंटाचाही शह उघडतो, म्हणजे दुहेरी शह. दुहेरी शहात मोहरं मारून किंवा मध्ये घालून भागत नाही, राजालाच हलावं लागतं. म्हणून वजीर देऊन राजा बाहेर काढायचा असेल तर पुढे दुहेरी शह आहे का, हे आधी शोधा. राजा एच८ ला गेला तर दुसऱ्या घोड्याने जी६ वर मात आहे, म्हणून तो एच६ ला येतो.

दुसरी पायरी, त्याला आपल्या मुलखात आणणं. ई५ चा घोडा जी४ ला शह, राजा जी५. एच४ ला प्याद्याचा शह, राजा एफ४. जी३ ला प्याद्याचा शह, राजा एफ३. प्रत्येक वेळी काळ्याला एकच चाल होती. राजाला त्याच्या घराकडे परत ढकलणारा शह टाळायचा, एवढंच इथे सांभाळायचं.

खरी परीक्षा याच जागी आहे, तेव्हा इथे घाई नको. काळा राजा एफ३ वर उभा आहे. त्याच्या भोवतालची आठ घरं एकेक करून तपासा. ई२ वर उंटाची नजर. ई३ वर एफ२ च्या प्याद्याची. ई४ वर उंट आणि एफ६ चा घोडा दोघांची. एफ४ जी३ च्या प्याद्याने धरलेलं. एफ२, जी३ आणि जी४ वरची तुमची मोहरी मारावीत तर तिन्हींना जोर आहे. उरलं फक्त जी२.

इथे प्रत्यक्ष डावात लास्करने शह चालूच ठेवले: उंट ई२, राजा जी२, हत्ती एच२, राजा जी१, आणि १८ व्या चालीत पांढरा राजा डी२ वर सरकवून ए१ च्या हत्तीच्या उघड शहाने मात. डाव अजरामर झाला, पण १६ व्या चालीत शह न देता नुसतं लहान बाजूला कॅसलिंग (राजा आणि एच१ चा हत्ती एकाच चालीत हलवणं) केलं असतं तर मात एक चाल आधी होती. कॅसलिंगने पांढरा राजा जी१ ला येतो आणि जी२ हे एकमेव मोकळं घर बंद करतो. आता जी४ च्या घोड्याने एच२ वर मात होणार आहे आणि काळ्याकडे त्यावर कोणतीच चाल नाही. शह देण्याच्या भरात हे कॅसलिंग दिसतच नाही.

मात्र अशी शह न देणारी शांत चाल म्हणजे समोरच्याला एक मोकळी चाल बहाल करणं. ती खेळण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत: त्याच्याकडे काटशह (उलट तुमच्याच राजाला शह) आहे का, तो वजीर अंगावर घालून अदलाबदल करू शकतो का, मात करणारं मोहरं मारू शकतो का. तिन्हींना 'नाही' उत्तर आलं तरच शह आवरा. एकालाही 'हो' आलं तर शह चालू ठेवा, पण निदान एक घर बंद करणारा शह निवडा. दोन शह सारखेच वाटले तर लांबून मारणारी वजीर-हत्तीसारखी मोहरी लांबच ठेवा. राजाला फार चिकटली की तोच त्यांच्यावर चालून येतो आणि एक चाल फुकट जाते.

कास्पारोव्हने टोपालोव्हविरुद्ध १९९९ मध्ये वाइक आन झी इथे काळा राजा थेट डी१ पर्यंत ओढत आणला. तिथे ३६ व्या चालीला त्याने शह दिला नाही; एच३ चा उंट एफ१ वर आणून सी४ च्या वजिरावर रोखला. काळ्या वजिराने उंट मारला तर पांढरा वजीर सी२ ला शह, राजा ई१, मग हत्ती ई७ ला शह आणि मात टळत नाही. जगातले सगळे शह हाताशी असताना निवडलेली ही चाल पटावर मांडून बघाच.

शेवटची पायरी सोपी आहे: मागे झोपलेला हत्ती वेळेत आणा. जाळं पुरं बसत नाही आणि मोहरी तर देऊन झाली आहेत, असं झालं तर सततच्या शहाने बरोबरी घ्या. स्पर्धेत तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल पटावर करू नका. ती आधी नोंदपत्रावर लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलावून बरोबरीचा दावा सांगा. मोहरं हलवून बसलात तर त्या चालीपुरता दावा गेला.