कासला पळून रक्त बदलत नाही

पहाटे पाचला माझ्याकडे पळायला येणारं नवं पोरगं आठवड्याच्या आत विचारतंच, "काका, यवतेश्वरचा घाट चढून कासला पळालो की हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग होतं ना?"

होत नाही. सातारा शहर साधारण ७०० मीटरवर आहे, कासचं पठार १,२०० च्या आसपास. घाटात धाप लागते ती चढामुळे. त्या चढानं मांड्या, पोटऱ्या आणि दम तयार होतो, आणि भरतीच्या १,६०० मीटरला किंवा इथल्या हिल मॅरेथॉनला तेवढं पुरतं. पण हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग करतात ते रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल पेशी वाढवायला, आणि त्या वाढवायच्या असतील तर २,००० मीटरच्या वर तीन-चार आठवडे मुक्काम लागतो. आपल्याकडची पोरं त्यासाठी बहुधा उटीला जातात, ते २,२४० मीटरवर आहे.

वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपासच असतो, कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी शिरतो, मूत्रपिंडाला ते कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते एक-दोन दिवसांतच वाढतं, पण त्याच्या हुकमावरून हाडांच्या मज्जेत नव्या पेशी तयार व्हायला आठवडे जातात. म्हणून शनिवार-रविवार महाबळेश्वरला पळून आल्यानं रक्तात काही फरक पडत नाही. तोंडाला बांधायचे ते 'अल्टिट्यूड मास्क'ही घेऊ नका. मास्कनं श्वास घ्यायला जोर लागतो, हवेचा दाब काही बदलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघायच्या दीड महिना आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. तो रिकामा असेल तर मज्जा पेशी बनवणार कशातून? माण तालुक्यातली एक पोरगी माझ्याकडे होती. मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात तेच. घरच्यांनी पैसे जमवले आणि मी तिला तपासणी न करताच वर पाठवलं. महिन्यानं ती आली ती थकून, आणि वेळ आधीपेक्षा वाईट. मग तपासलं तर फेरिटिन ९. ती चूक माझी होती. तेव्हापासून माझा नियम आहे, ३० च्या खाली असेल तर आधी डॉक्टर आणि मगच तिकीट. लोहाच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, जास्त लोहही घातक असतं. जेवणात हळीव, पालेभाजीवर लिंबू, खात असाल तर काळीज. आणि चहा जेवणानंतर तासाभरानं. चहासोबत लोह नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे नेमकी चहा-चपातीचीच सवय.

वर पोचल्यावर पहिला आठवडा हळू. फौजेत असताना लेहला, ३,५०० मीटरवर, आम्हाला पहिले दोन दिवस सक्तीचा आराम होता, त्यानंतर नुसतं चालणं. मी तेविशीत होतो, दुसऱ्याच संध्याकाळी चोरून पळालो. रात्रभर डोकं फुटत होतं, उलट्या झाल्या, आणि चार दिवस बिछान्यात गेले. उटीची उंची त्याहून बरीच कमी आहे, तरी पहिले पाच-सहा दिवस गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं पळा. पाणी जास्त प्या, भात-भाकरी कमी करू नका. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर सराव थांबवा, आणि तरी कमी झाली नाही तर खाली उतरा.

दुसऱ्या आठवड्यापासून सराव वाढवा, पण घड्याळात साताऱ्याच्या वेळा शोधू नका. १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक २,२४० मीटरवरच झालं. १०,००० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा २७:३९.४ होता आणि सुवर्ण मिळालं २९:२७.४ ला. तो विक्रम ज्याच्या नावावर होता तो रॉन क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडून कोसळला. म्हणून वेगाच्या फेऱ्या छोट्या ठेवा, २०० किंवा ३०० मीटरच्या, मध्ये विश्रांती भरपूर.

वर राहून वेग टिकवणं अवघड, यावर अमेरिकेतल्या लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये उपाय दाखवला. कॉलेजचे धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले आणि १,२५० मीटरवर उतरून सराव करत राहिले. ५,००० मीटरला त्यांची वेळ सरासरी १३ सेकंदांनी सुधारली. त्यांचं 'खाली' म्हणजे जवळजवळ आपलं कास! उटीहून मेट्टुपालयमला उतरलात की जेमतेम सव्वातीनशे मीटर. गाडीची सोय होत असेल तर आठवड्यातला एक वेगाचा सराव तिथे करा.

परतल्यावर शर्यत कधी धरायची, हे प्रत्येकाचं वेगळं. कुणी दोन-तीन दिवसांत भन्नाट पळतं, कुणाचे पाय आठवडाभर जड राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटतात. पहिल्या खेपेला मोठी शर्यत लावू नका. उतरल्यावर तिसऱ्या, दहाव्या आणि अठराव्या दिवशी शाहू स्टेडियमवर ३,००० मीटर पळा आणि वेळ वहीत लिहा. पुढच्या वर्षीचं तिकीट ती वही बघून काढायचं.