एएएए सगळ्यात शेवटी

मेल सर्व्हरवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटचे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, चालू करायला शनिवारी रात्री बसणार असाल, तर तयारी निदान पंधरा दिवस आधी धरा. सगळ्यात रखडणारी गोष्ट आपल्या हातात नसते. ती म्हणजे उलटी नोंद, पीटीआर, पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी. डोमेन तुमचं असलं तरी ही नोंद ज्यानं पत्ते दिले तो इंटरनेटवालाच करतो, आणि त्याच्याकडं खेटे घालावे लागतात.

निपाणीच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघतो. पहिल्या खेपेला पोस्टफिक्सला, म्हणजे पत्रांची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामला, जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते खुले केले आणि खुशाल जेवायला गेलो. सकाळी बघतो तर कागल-गडहिंग्लजकडच्या सभासदांना पाठवलेल्या पावत्या परत! चूक माझीच. आयपीव्ही६वरून आलेल्या पत्रामागं पीटीआर नसेल, किंवा एसपीएफ (डोमेनची पत्रं कुठल्या पत्त्यांवरून येतात त्याची यादी) आणि डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) यांतलं एकही जुळत नसेल, तर जीमेल ते घेत नाही. आयपीव्ही४वर पूर्वी खपायचा तो ढिसाळपणा इथं खपत नाही. म्हणून एसपीएफमध्ये नवा पत्ता आधीच घाला. पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे उलट्या नोंदीत ३२ अंक, एकेक टिंबानं तोडलेला. हातानं लिहू नका, डोळे फिरतात.

पत्ता स्थिर हवा. सर्व्हरनं स्वतःच बनवलेला, अधूनमधून बदलणारा पत्ता मेलला कामाचा नाही. बाहेर जाणारं पत्र कुठल्या पत्त्यावरून निघेल तेही पोस्टफिक्समध्ये बांधून टाका. पतसंस्थेत आता मी पत्रं दोन्हीकडून घेतो. पाठवायला मात्र काही दिवस आयपीव्ही४च ठेवलंय.

फायरवॉल नीट बघा. आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम आयपीव्ही६ला लागत नाहीत, त्याचे वेगळे लिहावे लागतात. नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं, डेटाबेसचं पोर्टसुद्धा. उलट आयसीएमपीव्ही६, म्हणजे यंत्रांचे आपापसातले अडचणींचे निरोप, सरसकट बंद करू नका. इथं वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, मोठं झालं तर परत कळवतो. तो निरोपच अडवलात तर साधी पत्रं जातात आणि पीडीएफ जोडलेली लटकतात. मग दोष कुठं शोधायचा?

ॲप्लिकेशनमध्ये एंजिनएक्सला (साइट दाखवणाऱ्या वेब सर्व्हरला) आयपीव्ही६वर वेगळं ऐकायला सांगा. लॉगिनच्या नोंदीत पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा असेल तर वाढवा. नवा पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जातो. चुकीच्या पासवर्डवर बंदी घालताना एकेका पत्त्यावर न घालता अख्ख्या /६४च्या गटावर, म्हणजे पहिले ६४ बिट सारखे असलेल्या सगळ्या पत्त्यांवर घाला.

जुना आयपीव्ही४चा पत्ता काढायचा नाही. २०१४ला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं, तरी दोन्ही नावांनी टपाल येतंच की.

मग सर्व्हर मुद्दाम एकदा बंद-चालू करा. पावसाळ्यात आमच्याकडं वीज गेली की तो तसाही उठणारच आहे, आणि पत्ता तयार व्हायच्या आधी पोस्टफिक्स उठला तर त्याला तो पत्ता सापडत नाही.

एवढं झालं की डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, एएएए ही आयपीव्ही६ पत्त्याची नोंद टाका, टीटीएल (इतरांनी ती लक्षात ठेवायची मुदत) ३०० सेकंद ठेवून, म्हणजे बिनसलं तर लगेच काढता येईल. ऑफिसचं वायफाय बंद करून जिओच्या मोबाईलवरून साइट उघडा, लॉगमध्ये लांबलचक पत्ता दिसतोय का बघा. तपासणी रविवारीच उरका. सोमवारी काउंटरवर रांग असते.